भट्टीतले आठ डबे

—अहो, त्या पोत्यावर नका बसू! त्यात कोळसा आहे. उठाल तेव्हा पँटचं मागचं अंग बघून रस्ताभर लोक हसतील. इकडे बसा, मैद्याच्या पोत्यावर. पांढरं झटकलं की जातं, काळं जात नाही — मला विचारा, तीस वर्षं पांढऱ्यात काढली नि गेले सहा महिने काळ्यात. हां, बसा ऐसपैस. येईल ती, सुताराकडे चाळणीची चौकट आणायला गेलीय. तुमची वेळ चारची ठरली होती ना? आत्ता कुठं तीन वाजतायत. काय म्हणता, रस्ता मोकळा मिळाला? बरंच झालं की, तेवढंच आपलं बोलणं होईल. ती असली की मला बोलू देत नाही. म्हणते, बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाला माहिती देत नाही, गोष्ट सांगत बसता. आता मला सांगा, गोष्ट न सांगता माहिती द्यायची कशी? घ्या, पाव घ्या. सकाळचा आहे, पण अजून मऊ आहे. दाबून बघा — बघा, परत वर आला की नाही? तो वर का येतो? भोकांमुळे. मोडून बघा आत. ही जी जाळी आहे ना, हेच सगळं शास्त्र आहे बघा. माझ्या लेकीनं चार वर्षं घालवली त्यात, मी तुम्हाला एका पावात सांगितलं.

हसू नका, खरंच सांगतोय. तुमच्याकडची अडचण काय, तर सफरचंदं. बरोबर? हवाबंद खोल्यांत फळ ठेवता, गारठ्यात, महिनोन्‌महिने. पण फळ झाडावरून उतरलं तरी श्वास घेतंच — हे मला तिनं सांगितलं, मला काय ठाऊक, मी आपला सफरचंद कापून केकवर लावणारा माणूस — आणि श्वास घेतं म्हणजे सोडतंही. खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, फळाचा जीव गुदमरतो, वरून लालबुंद नि आत गाभा तपकिरी. आणलंय मी तसलं सफरचंद एकदा, मेलं वरून राजासारखं दिसत होतं. तर तो वायू ओढून घ्यायला तुम्ही यंत्रात महागडे काळे दाणे भरता, लांबून मागवता. आणि हे आमचे काळे दाणे — हे बघा, हातात घ्या, हात नंतर धुवा — हे अक्रोडाच्या टरफलांचे. टरफलं त्या अक्रोड फोडायच्या कारखान्यामागं ढिगानं पडलेली असतात, घेऊन जा म्हणून हात जोडतात लोक. त्यांचा कोळसा करायचा, पण असा करायचा की पावासारखी भोकं पडली पाहिजेत, पावापेक्षा कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारी. वायू त्या भोकांत शिरतो नि भिंतींना चिकटून बसतो. मी एकदा म्हटलं, ‘शोषून घेतो.’ तर लगेच, ‘बाबा, शोषत नाही, अंगाला चिकटवून धरतो, त्याला अधिशोषक म्हणतात.’ म्हटलं, बरं बाई, अधिशोषक. मग भरले की जरा ऊब द्यायची, मोकळी हवा सोडायची, वायू सोडून देतात नि पुन्हा कामाला तयार. माझ्यापेक्षा बरे. मला दुपारी झोप लागते.

ही लेक म्हणजे काय चीज आहे तुम्हाला सांगतो. लहानपणी उलट्या टोपलीवर उभी राहून पावांवर पात्यानं चिरा मारायची. सहा वर्षांची असेल! एक चीर तिरकी नाही. घरात सगळे मुंगी म्हणायचो, कारण स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून कुठंतरी निघालेलीच असायची. तिच्या हाताला पीठ कळतं हो. काहींच्या हाताला कळतंच नाही, मळून मळून मरतात, पण हिनं नुसता तळवा ठेवला की सांगायची, बाबा, अजून दहा मिनिटं. मी मनात पक्कं करून टाकलं होतं की भट्टी हिची. माझा हा खांदा तेव्हापासूनच कुरकुरायला लागला होता, मी तिच्या भरवशावर होतो. आणि एक दिवस बाईसाहेब येऊन म्हणाल्या, मला पुढं शिकायचंय, पदार्थविज्ञान. मी म्हटलं, पदार्थ इथं कमी आहेत का? ती हसली नाही. मग माझंही डोकं फिरलं. मी काय बोललो — आता तुम्ही परके, तुमच्यापासून काय लपवायचं — मी म्हटलं, ‘जा. पण उद्या पोट भरलं नाही तर माझ्या दारात पाव मागायला येऊ नकोस.’ बापानं बोलायचं वाक्य आहे का हे? पाववाल्या बापानं? हिची आई त्या दिवसापासून चार दिवस माझ्याशी बोलली नाही नि लेक चार वर्षं. म्हणजे बोलायची, फोनवर, पण कसं — ‘बरे आहात ना? आईला द्या.’ एवढंच. मी फोन आईला द्यायचा नि पीठ मळत तिच्या आईचंच बोलणं ऐकून अंदाज बांधायचा, मुंगी जेवली का, मुंगीला खोकला झाला का.

आणि मग तिकडं त्यांची भट्टी बिघडली. प्रयोगशाळेतली, विजेवरची, हातभर लांबीची. दुरुस्तीला माणूस मिळेना, सुटा भाग येईना, तिच्या सरांनी सांगितलं सहा महिने थांबा. आता खरं सांगू का? मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला — इतका आनंद झाला की त्या दिवशी मी गिऱ्हाइकांना डझनाला तेरा पाव दिले. कारण ती घरी येणार होती! आली, दोन पोती टरफलं घेऊन, रिक्षावाल्याशी भांडत. आणि इथं, तुम्ही बसलाय तिथंच उभी राहून म्हणाली, ‘बाबा, पाव मागायला नाही आले. भट्टी मागायला आले.’ चार वर्षं जपून ठेवलं होतं तिनं ते वाक्य! मी आपलं ताठ उभं राहून म्हटलं, पावाच्या भट्टीत कचरा जाळायचा नाही. तेवढ्यात हिची आई आली, माझ्याकडं बघितलं नाही, लेकीकडं बघितलं नाही, एका पोत्याला हात घातला नि ओढत आत घेऊन गेली. संपला विषय.

तर काम असं ठरलं. पहाटेपासून पाव, नऊपर्यंत भट्टी रिकामी. पण खाली जिथं लाकडं जळतात तिथले निखारे दुपारपर्यंत धगधगते असतात, ते वायाच जायचे. त्यात टरफलं भरलेला जाड पत्र्याचा डबा पुरायचा, झाकणाला मातीनं लिंपायचं, म्हणजे आत हवा जायला नको — हवा गेली की कोळशाची राख होते, एवढं मलाही कळतं. पहिला डबा तिनं असा बंद केला की सुईलासुद्धा जागा नाही. आतला धूर जाणार कुठं? धडाम्! झाकण उडालं ते थेट छताला, तिथं बघा, तो पोपडा गेलाय ना, तिथं. हिची आई टेबलाखाली, मी परातीमागं, आणि बाईसाहेब मधोमध उभ्या राहून म्हणतायत, ‘अच्छा, बारीक भोक ठेवायला पाहिजे.’ दुसऱ्याला भोक ठेवलं ते बोट जाईल एवढं, त्याची राख. तिसऱ्याची राख, चौथ्याची राख — ते तिसरं नि चौथं जाऊ द्या — पाचव्यापासून खरं काम सुरू झालं. का जाऊ द्या म्हणजे? काही नाही हो, उगाच. बिघडतात डबे. पाव घ्या ना अजून एक.

बरं, सांगतो. पण हे आपल्या दोघांत. त्या दिवसांत काय झालं होतं, की ती पहाटे माझ्याबरोबर उठायची. डबा भरायला वेळ असायचा, मग आपसूक पातं हातात घ्यायची नि चिरा मारायची. बोलत काही नव्हती, पण तिच्या हाताचा नि माझ्या हाताचा ताल बसायचा. मी फावड्यावरून पाव भट्टीत सरकवला की पुढचा तयार. आठवडाभरानं ती बोलायलाही लागली — आधी पिठाबद्दल, मग हवेबद्दल, मग त्या हॉस्टेलवरच्या मांजराबद्दल. साहेब, चार वर्षांनी माझी लेक मला मांजराची गोष्ट सांगत होती! आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. म्हटलं, हे डबे जमले तर ही जाईल. नाही जमले तर — नाही जमले तर राहील. बस, एवढंच. त्यात दुष्टपणा नव्हता हो. तिसऱ्या डब्याच्या वेळी ती हात धुवायला गेली आणि मी — झाकणाच्या मागच्या बाजूनं, जिथं दिसत नाही तिथं — मातीचा एक टवका काढला. नखानं. एवढासा. मनाला सांगितलं, माती सैलच होती, पडलीच असती. चौथ्याला तर मनाला काही सांगितलंसुद्धा नाही, सरळ अंगठा घातला.

चौथा डबा उघडला तेव्हा मी मुद्दाम तिकडं पाठ करून पराती घासत होतो. आवाज येईना म्हणून वळलो. ती खाली फरशीवर बसली होती, मांडीवर डबा, हातात पांढरी राख. रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. कालचा सुका पाव तोंडात कोंबून चावत बसली नि म्हणाली, ‘बाबा, उद्या परत.’ मग बाहेर जाऊन सरांना फोन लावला. मी खिडकीशी होतो, ऐकू आलं. ती सांगत होती, सर, महिनाअखेरपर्यंत तरी द्या, नंतर विषय बदलते. विषय बदलायचा म्हणजे चार वर्षं पाण्यात, हो ना? आणि कशानं? माझ्या नखानं. साहेब, दुसऱ्या दिवशी मी पाव करपवले. तीस वर्षांत पहिल्यांदा, आख्खी भट्टीभर. हिची आई म्हणाली, अहो, नाक गेलं का तुमचं? काय सांगणार, नाक जागेवर होतं, मी जागेवर नव्हतो.

त्याच सकाळी ती मला म्हणाली, ‘बाबा, भट्टीच्या दाराला तुम्ही कसली माती लावता? ती तडकत कशी नाही?’ मी म्हटलं, वा, आली संधी. सांगितलं — चिकणमाती, चाळलेली राख, मूठभर मीठ, बारीक कापलेला पेंढा, आणि रात्रभर भिजू द्यायची. तर म्हणते, ‘मग झाकणं तुम्हीच लिंपा ना, माझ्या हाताला नाही जमत.’ तुम्हाला सांगतो, मी जीव ओतला. पाचव्या डब्याला माती लावली ती नव्या बाळाला तेल लावतात तशी. सुईनं भोक ठेवलं. निखाऱ्यांचा रंगही मीच सांगायचो, लाल नको, कमी पडतो, पांढरा नको, जास्त होतो, पिकलेल्या संत्र्यासारखा झाला की डबा पुरायचा नि तो रंग दोन तास धरून ठेवायचा. तिच्याकडं मोजायचा काटा होता, लांब तार असलेला. मी रंग सांगायचो, ती काटा बघायची, नि मान हलवायची. एकदा म्हणाली, ‘बाबा, तुमचे डोळे पेटीत घालून घेऊन जायला हवेत.’ पाचवा डबा काळाभोर निघाला, राखेचा कण नाही. पण भोकं कमी पडली म्हणे. सहावाही तसाच.

कारण भोकं पाडायला नुसती आग पुरत नाही. टरफलं आधी एका क्षारात भिजवावी लागतात, तो टरफलाला आतून पोखरतो. तो तिच्याकडचा संपत आला होता, आणि महागाचा, त्याच्यावर पोत्यानं माल करायचा म्हणजे स्वस्ताईचा उपयोग काय? ती डोक्याला हात लावून बसली होती. मी आपला नेहमीप्रमाणं राखेच्या पाण्यानं पराती घासत होतो — लाकडाची राख पाण्यात मुरवायची, वरचं निवळ पाणी घ्यायचं, चिकटा असा निघतो, हाताची सालं निघतात कधीकधी. तिनं बघितलं. ‘बाबा, हात का सोलवटलेत तुमचे?’ म्हटलं, राखेचं पाणी, पूर्वीपासून आहे ते. अहो, ती उठून नाचायलाच लागली! तोच क्षार! माझ्याच राखेत! तीस वर्षं मी तो घमेल्यानं उकिरड्यावर फेकत होतो! सातवा डबा राखेच्या पाण्यात भिजवलेल्या टरफलांचा. आटवून दाट केलेलं पाणी, दोन दिवस भिजवलं, मग संत्र्याच्या रंगात दोन तास, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. धुण्याचं काम हिच्या आईचं. कुरकुर करत करायची, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि तिनं आम्हाला दाखवलं, इथंच, या टेबलावर. दोन बाटल्यांत साखरेचं पाणी नि खमीर घातलं, बुडबुडे सुरू — तोच तुमच्या सफरचंदांचा वायू, चुन्याची निवळी दुधाळ करणारा. एकीची नळी सरळ चुन्याच्या निवळीच्या पेल्यात. दुसरीची आधी आमच्या काळ्या दाण्यांतून, मग पेल्यात. पहिला पेला बघता बघता दुधासारखा झाला. दुसरा — साहेब, आम्ही तिघं टेबलावर हनुवट्या टेकून बघत होतो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, लख्ख पाणी. पलीकडचं घड्याळ दिसत होतं त्यातून. गिऱ्हाईक बाहेर हाका मारतंय, पाव द्या, पाव द्या, कुणी उठेना. शेवटी गिऱ्हाईकच आत आलं नि तेही बघत उभं राहिलं. वीस मिनिटांनी कुठं जरा धूसर झालं, ती म्हणाली, ‘आता दाणे भरले.’ हिच्या आईनं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मी पाव द्यायला बाहेर गेलो नि जरा वेळ बाहेरच थांबलो.

आठवा डबा सरांकडं गेला, त्यांच्या यंत्रावर मोजायला. त्यांचा फोन मीच उचलला. म्हणाले, बाजारातल्या मालापेक्षा उगीच थोडा कमी धरतो, पण ज्या कचऱ्यातून नि ज्या आगीवर झालाय ते बघता मी दोनदा मोजलं. आणि मग म्हणाले, ‘निखारे सांभाळणारे ते तुम्हीच का?’ मी म्हटलं, हो, मीच. साहेब, मला आयुष्यात कुणी ‘ते तुम्हीच का’ असं विचारलं नव्हतं. आता तुमच्याकडं लावून बघायला ही त्यानंतर भाजलेली दोन पोती, तुमची एक खोली, एक महिना. तुमची सफरचंदं आत पांढरी निघाली की झालं. ती सोमवारी जाणार परत, लिहायला बसणार. जाऊ दे. डबे मी भाजेन, माती माझी, आग माझी. आता मला बिलकूल वाईट वाटत नाही. थोडं वाटतं. पहाटे पातं मला एकट्यालाच धरावं लागेल. पण फोन करते ना आता — आईला नाही, मला! निखाऱ्यांचा रंग विचारायला करणार म्हणे. फक्त ते तिसऱ्या-चौथ्याचं तेवढं माझ्या पोटातच राहू दे, तिला कळलं तर — काय झालं? असे काय बघताय माझ्या मागं?

...आलीस होय. केव्हा आलीस? मिळाली चौकट? छान केलीय गं सुतारानं, सांधे चांगले बसवलेत... किती वेळ उभी आहेस? हे साहेब लवकर आले, आम्ही आपलं सफरचंदांबद्दल — मुंगे, अशी हसू नकोस, मला कळत नाही तू काय हसतेयस ते. काय आहे ते? वही? मला चष्म्याशिवाय — हां, दे. इथं? ‘डबा तीन. राख. कारण: झाकणाची माती मागून कोरलेली. नखाची खूण.’ ... ‘डबा चार. राख. कारण: तेच. अंगठा. बाबांचा.’

तारीख त्याच दिवसाची आहे गं ही. म्हणजे तू फरशीवर बसली होतीस तेव्हाच... आणि हे खाली काय लिहिलंयस? ‘उपाय: माती बाबांनाच लिंपायला सांगणे.’

...

साहेब, तुम्ही — तुम्ही असं करा, आज राहू द्या. उद्या या. चाळून, धुऊन, वाळवून ठेवतो पोती, शब्द आहे माझा. नाही, चहाही उद्या. तो पाव न्या हातात. आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या.